बेटावरची हवा

थोरल्या निरीक्षकांनी पांढऱ्या पेटीची झडप उघडली, डोळे तापमापकाच्या पाऱ्याशी सरळ रेषेत आणले आणि श्वास रोखून धरला. काचेजवळ श्वास सोडला की पारा चढतो, हे त्यांना नोकरीला लागल्या लागल्या शिकवलं गेलं होतं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट नीट बघायची असली की त्यांचा श्वास आपोआप थांबायचा.

"सहा पॉइंट चार," ते म्हणाले.

"सहा पॉइंट चार," मागे उभ्या असलेल्या लंबूने म्हटलं आणि लिहून घेतलं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, अशी खिंडीतल्या त्या वेधशाळेची रीत होती. दोनच माणसं असल्यामुळे दिवसभरातलं बरंचसं बोलणं असंच व्हायचं.

"काका, त्याचं किती आलंय, बघू का?"

त्याचं म्हणजे नव्या यंत्राचं. कुंपणाजवळ एक उंच खांब उभा केला होता. तो स्वतःच हवा मोजायचा आणि स्वतःच मुख्य कचेरीला कळवायचा.

"कशाला बघतोस? सहा पॉइंट चारच असणार."

"आणि सात निघालं तर?"

"तर त्याने सुस्कारा टाकला असेल."

लंबू हसला. पण हसणं लवकर संपलं, कारण खांब आल्यापासून दोघांचंही तिथलं काम संपल्यात जमा होतं. महिनाअखेर वेधशाळेला कुलूप लागणार होतं. कचेरीकडे रिकाम्या जागा दोनच होत्या. एक शहरातल्या कचेरीत, टेबलाशी बसून करायचं काम. दुसरी दूरच्या बेटावरच्या वेधशाळेत. हेडक्लार्कने फोनवर सांगितलं होतं, "तुम्ही सीनियर. पहिली पसंती तुमची. उरेल ती त्या लांबलचक गृहस्थांची. सोमवारी कळवा म्हणजे मी मोकळा झालो." आणि मग, त्याच्या मते गंमत म्हणून, "विचारतोय आपलं पद्धत म्हणून. तुम्ही काय सांगणार, ते मी आत्ताच टाइप करून ठेवतो."

थोरल्या निरीक्षकांचं घर शहरात होतं. घर होतं, म्हणजे बायको तिथे होती. लग्नानंतर त्यांच्या सगळ्या बदल्या एकापाठोपाठ एक अशाच जागी झाल्या, जिथे बिऱ्हाड नेता येत नव्हतं. मुलगा तिकडेच वाढला, शिकला, नोकरीसाठी परदेशी गेला. ते रजेवर जायचे, चार-पाच दिवस राहायचे आणि परत यायचे. इकडे एकटे असताना ते मनातल्या मनात ते घर लावत बसायचे. पुढच्या खोलीत खिडकीशी एक आरामखुर्ची. शेजारी पुस्तकांचं कपाट, फार उंच नको. सकाळी बायकोने चहा आणला की तिला म्हणायचं, बस गं जरा. पुढे काय बोलायचं ते ठरत नसे, पण इथपर्यंतचं चित्र अगदी स्वच्छ होतं.

लंबूची बायको खिंडीच्या पायथ्याशी एका भाड्याच्या खोलीत राहत होती. तिला मार्चमध्ये मुलगी झाली. मुलीचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला होता. दर आठवड्याला पाय थोडा सरळ करून नवं प्लास्टर घालायचं, असं शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हाडं कोवळी आहेत तोवरच हे जमतं, नंतर कापाकापी.

"बेटावरून बोट असते ना, काका?" थोरले निरीक्षक दोन दिवसांच्या रजेवर निघाले तेव्हा त्यांची पिशवी गाडीरस्त्यापर्यंत नेताना लंबूने विचारलं.

"पंधरवड्याला एक."

"मग बरं आहे की. एक प्लास्टर चुकेल, एक घालू."

"बायकोला शहरात खोली करून दिलीस तर?"

"तान्ही पोर घेऊन एकटी? रडून रडून जीव देईल ती." लंबूने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काकूंनी निभावलं, काका. सगळ्यांना नाही जमत. पण तुम्ही माझ्याकडे बघूच नका. तुमचा हक्क आहे. आता एकदाचे घरी लागा. मी तुमच्या जागी असतो तर आज बोरूबहाद्दर हेडक्लार्कला मिठी मारली असती."

तो खरंच मनापासून बोलत होता. म्हणूनच थोरल्या निरीक्षकांना त्याच्याकडे बघवलं नाही.

घराचा जिना चढताना त्यांना वरून हसणं ऐकू आलं. कोणीतरी बाई अगदी पोट धरून, मध्ये श्वास घेऊन पुन्हा हसत होती आणि तिच्यामागे पाच-सहा मुली. शेजाऱ्यांकडे पाहुणे आले असतील, असं त्यांना वाटलं. दार लोटल्यावर कळलं की हसणारी त्यांची बायको होती.

ती शिवणाचा क्लास घ्यायची, हे त्यांना माहीत होतं. फोनवर ती सांगायची. पण रजेवर ते आले की क्लास बंद असायचा, म्हणून चालू क्लास त्यांनी कधी बघितलाच नव्हता. पुढच्या खोलीत चार मशीनं होती. खिडकीशी कापड बेतायचं लांबरुंद टेबल होतं. त्यावर एक मुलगी उलटा शिवलेला सदरा अंगात घालून उभी होती. एक बाही पुढे, एक पाठीवर. बायकोच्या गळ्यात टेप होती, तोंडात टाचण्या होत्या, आणि त्या सांभाळत ती डोळे पुसत होती.

"अगं बाई," तिने टाचण्या हातात काढल्या. "आलात? मला वाटलं संध्याकाळची गाडी."

"आधीची मिळाली."

मुलगी टेबलावरून खाली उतरली. कोणी काही सांगितलं नाही, तरी सगळ्याजणी कात्र्या, दोरे आवरायला लागल्या.

"चालू दे की," ते म्हणाले. "मी आत बसतो."

"नको, नको. झालंच होतं. मुलींनो, उद्या-परवा सुट्टी."

"काकू, आणि माझा सदरा?"

"तुझा सदरा आता देवाच्या हातात," बायको म्हणाली. मुली पुन्हा खिदळल्या, पण हळू, तोंडावर हात ठेवून. जाताना प्रत्येकीने दारापाशी त्यांच्या बुटांना पाय लागू नये म्हणून लांब ढांग टाकली.

रात्री तिने बेतायचं टेबल भिंतीला उभं केलं आणि तिथे त्यांची गादी घातली. त्यांनी टेबलाला हात लावला, तर म्हणाली, "राहू द्या, मला सवय आहे." कपाटाच्या वरच्या खणातून तिने घडीचा टॉवेल काढून दिला. सगळं हसतमुखाने, मनापासून. जेवताना तिने त्यांना दोनदा आग्रह केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली पाटावर बसून तोच सदरा उसवत होती. ते गादीच्या वळकटीला टेकून बसले होते. आरामखुर्ची कुठे बसेल, हे ते मघापासून नजरेने बघत होते. खिडकीशी टेबल होतं. टेबलाच्या बाजूला मशीनं. मशीनांच्या मागे भिंत.

"सोमवारी कळवायचंय," ते म्हणाले.

"हो, म्हणालात."

"शहर सांगू ना?"

ती ब्लेडने एकेक टाका तोडत होती. एक टाका तोडून तिने दोरा ओढून काढला. मग म्हणाली, "ते बेट कसं आहे हो?"

हवेबद्दल कोणी मनापासून विचारलं, असं फारसं घडत नाही. ते सावरून बसले. बेटावर त्यांनी तरुणपणी सहा महिने बदलीवर काढले होते. ते सांगत गेले. वारा वर्षाचे आठ महिने एकाच बाजूने येतो, त्यामुळे झाडं सगळी एकीकडे झुकलेली. थंडी अशी नाहीच, पण हवेत ओल फार, मिठाचे गोळे होतात, फोडून घ्यावे लागतात. पाऊस रात्री पडतो, सकाळी आकाश धुतल्यासारखं. संध्याकाळी ढग समुद्रावरूनच परत फिरतात.

"आणि जेवणाचं?"

"खानावळ आहे. बरी आहे."

"डॉक्टर?"

"दवाखाना आहे ना. कंपाउंडर तर फारच भला माणूस होता. आता असेल की नाही कोण जाणे."

"खोली कशी असते?"

"ऐसपैस. दोन खिडक्या. पुस्तकांना वाळवी मात्र..."

इथे ते थांबले. तिने हातातलं ब्लेड खाली ठेवलं होतं आणि ती ऐकत होती, मान थोडी कलती करून. एखादी जागा भाड्याने घ्यायची असली की माणूस जसा ऐकतो, तशी. त्यांनी श्वास रोखला. मग त्यांना दिसलं.

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली.

"तुम्ही आलात की मला बरं वाटतं," ती सदऱ्याकडे बघत म्हणाली. "खोटं नाही सांगत."

"माहीत आहे."

"चौथ्या दिवसापर्यंत अगदी बरं वाटतं."

"चौथ्या दिवशी मी काय करतो?"

"काहीच करत नाही हो तुम्ही. भल्या माणसासारखे बसता." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही बसलेले असता आणि मला हसायला येत नाही. तुम्ही काही म्हणता म्हणून नव्हे. मलाच येत नाही. मी नाही म्हणत नाहीये. तुमचं घर आहे. तुम्ही शहर सांगा."

तिच्या हनुवटीला दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. तो काढावा, असं त्यांच्या मनात आलं. ते दोन हात अंतरावर होते. त्यांनी आपला हात गुडघ्यावरून उचलला आणि दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

"आमच्या लंबूची मुलगी," ते म्हणाले. "मागे सांगितलं होतं बघ. तिच्या पायाचं प्लास्टर दर आठवड्याला बदलतात. इथेच होतं ते, शहरात."

"हो ना!" ती पटकन म्हणाली. फारच पटकन. तेही तिचं तिलाच जाणवलं असावं, कारण ती लगेच उठली आणि उसवलेल्या बाह्या झटकायला लागली. "लहान आहे ती. पायाचं म्हणजे... जन्माचा प्रश्न आहे."

"तेच म्हणतोय मी."

"चहा टाकते," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेल्यावर बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

सोमवारी थोरल्या निरीक्षकांनी खिंडीतून फोन लावला. लंबू मुद्दाम बाहेर जाऊन पर्जन्यमापक पुसत बसला होता. पाऊस चार दिवसांत पडला नव्हता.

"बेट," ते म्हणाले.

"काय?" हेडक्लार्क म्हणाला. "नीट ऐकू येत नाही. शहर ना?"

"बेट. बे. ट. परत म्हणा."

"बेट," हेडक्लार्कने परत म्हटलं. "अहो पण, मी टाइप करून ठेवलंय."

"खोडा."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा लंबू दारात उभा होता. त्याला चौकटीखाली नेहमी वाकावं लागायचं. या वेळी तो वाकलेलाच राहिला.

"काका, हे काय केलंत?"

"मला ओल मानवते," ते म्हणाले. "तुझ्या पोरीला मानवणार नाही."

लंबू काहीतरी विनोद करायला गेला. पण तो खाली बाकावर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं. एवढा उंच माणूस बसून रडायला लागला की केवढी जागा व्यापतो, हे थोरल्या निरीक्षकांनी पहिल्यांदा बघितलं. त्याला थोपटावं की पाणी द्यावं, हे त्यांना समजेना. खरं काय ते सांगून टाकावं, असंही एकदा तोंडाशी आलं. पण मग ते रडणं अर्धवट राहिलं असतं आणि त्याला कुठे बघावं ते कळलं नसतं. त्यांनी पाणी दिलं.

"आणि काकू?" लंबूने नाक पुसलं. "त्यांनी इतकी वर्षं वाट बघितली. त्यांना काय वाटलं असेल?"

"ती समजूतदार आहे."

"फोन लावून द्या. नाही काका, लावाच. मला त्यांच्याशी बोललंच पाहिजे."

ते नको म्हणाले. लंबूने ऐकलं नाही. तो नंबर काढायला लागला, तेव्हा त्यांनी रिसीव्हर त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः लावून दिला. मग ते खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

"काकू, मी लंबू. वेधशाळेतला... हो, तोच. काकू, तुमचे उपकार... नाही, मला बोलू द्या. असं कोण करतं हो आजकाल? स्वतःचा माणूस... तुम्ही इतकी वर्षं एकटीने काढलीत आणि पुन्हा... माझी मुलगी चालायला लागली ना, की पहिली तुमच्या घरी घेऊन येईन. जिना चढवून आणीन, बघा." मग तो ऐकत राहिला. मग त्याने रिसीव्हर छातीशी धरून हलक्या आवाजात सांगितलं, "काकू रडताहेत."

थोरल्या निरीक्षकांनी रिसीव्हर कानाला लावला. लंबू समजूतदारपणे बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग कोणीतरी मशीन थांबवलं.

"काय सांगितलंत तुम्ही त्याला?" तिने विचारलं.

"काही नाही."

"तो माझ्या पाया पडायला निघालाय."

"पडू दे."

तिचं नाक ओढणं ऐकू आलं. मग तिने मागे वळून कोणाला तरी म्हटलं, "काही नाही गं, घाला तुम्ही टाके," आणि पुन्हा फोनजवळ आली.

"वारा फार असतो म्हणालात ना तिथे?"

"असतो. कानात शिरतो."

"कानांवर येईल अशी टोपी शिवून देते. अस्तर घालून." ती थांबली. "तुमच्या डोक्याचं माप काय?"

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवून बघितला.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.