लंकाबाईच्या मक्यातली नांगी

हनुमंतानं आणखी एका रोपाचा पोंगा, मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उलगडून आत पाहिलं. कोरा. ना अळी, ना तिची भुशासारखी घाण.

"बघितलं ना? आमच्या मक्यात काई न्हाई," बांधावरून लंकाबाई म्हणाल्या. आवाजात नको तेवढा ठसका होता.

कृषी खात्यासाठी कीड मोजण्यात हनुमंताचे अकरा खरीप गेले होते. कडेच्या ओळी सोडायच्या, नागमोडी शिरायचं, पाच ठिकाणी थांबायचं, दर ठिकाणी वीस रोपं. शंभरात दहा खराब निघाली की गावाला फवारणीचा सल्ला. गुडघे कुरकुरायचे, पण बांधावर बसून अंदाजपंचे आकडा त्यानं कधी टाकला नव्हता. अख्ख्या नेवासा तालुक्यात लष्करी अळी सुटलेली आणि इथं दोन ठिकाणी शून्य! देवच पावला म्हणायचा.

तिसऱ्या ठिकाणी तो थबकला. दोन रोपं, मग रिकामी जागा; तीन रोपं, पुन्हा रिकामी. माती ताजी उकरलेली. मागं वळून पाहिलं, तर आधीच्या दोन्ही ठिकाणीही तसंच; पोंगे बघण्याच्या नादात सुटलं होतं.

"मावशी, ओळीत एवढी नांगी कशी पडली, मधल्या जागा मोकळ्या? बी उगवलंच न्हाई का?"

"उगवलं हुतं की." लंकाबाईंनी पदर सारखा केला. "तुमी येनार म्हनून सकाळीच उपटली. भोकं पडल्याली समदी. गायींना टाकली. पावनं येनार, तर घर झाडून घ्यावं का न्हाई?"

हनुमंताला हसू आलं आणि रागही.

"मी काय सोयरीक घेऊन आलोय? अंडी, बारक्या अळ्या मागं राहिल्यात की! मी शून्य लिहिलं तर फवारणीचा सल्ला गावात कुणालाच जायचा न्हाई. पंधरा दिवसांत तुमच्या तिन्ही गायींना वैरण उरायची न्हाई, अन् शेजाऱ्यांच्याबी."

लंकाबाईंचा ठसका उतरला. गोठ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आमचं मालक बी आसंच. डाक्टर दिसला की 'मला काई न्हाई' म्हनायचं. पोटातलं दुखनं शेवटपत्तुर बोललंच न्हाईत. मी बी तसलीच निघाले."

हनुमंतानं मोबाईलवर नोंदवलेली दोन्ही शून्यं पुसली. "चला. पहिल्यापासून मोजू. उपटलेलंबी धरायचं."

लंकाबाई चपला काढून ओळीत शिरल्या. रिकाम्या जागेशी वाकल्या, मातीवर बोट टेकवलं.

"हितं एक हुतं."

त्यानं लिहिलं.

"हितं एक."

पहिल्या विसांतच चार झाली. हा तर शंभरात वीसचा हिशेब. त्यानं मोबाईलवरून मान वर केली.

"लिवा," लंकाबाई मागं न बघता म्हणाल्या आणि पुढच्या जागेशी वाकल्या. "हितं बी हुतं."