फुग्यातला ओला टॉवेल

ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. आमच्या ह्यांनी ते ऐकलं कधी, तर फुग्यात राहायला गेल्यावर.

फुगा म्हणजे अंतराळात राहायचं घर. गुंडाळी करून वर न्यायचं, हवा भरली की खोली तयार. भिंती आरपार दिसणाऱ्या, ती माझी अक्कल. ह्या भिंतींपायी मी केस पिकवले, आणि आमच्या कंपनीच्या साहेबांचं आपलं एकच पालुपद, "बरणीत माणूस राहील का?" शेवटी ठरलं, कारखान्याच्या हॉलमध्ये फुगा फुगवायचा आणि एका जोडप्याने आठवडाभर आत राहायचं. आठवडा संपायच्या आधी बाहेर पडलं, की माझं काम कायमचं बंद. दुसरं कोण तयार होणार? मी ह्यांनाच ओढत नेलं.

शेवटच्या दिवशी सकाळी बारीक सूं असा आवाज आला. बघते तर भिंतीवर टॉवेल, ऐटीत टांगलेला. सेफ्टी पिनेने.

"तूच म्हणतेस ना, पलंगावर नको," हे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाहेर खुर्ची टाकून साहेब बसलेले. आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नव्हतं, म्हणून मी तोंडभर हसत ह्यांना नाही नाही ते बोलले. हेही हसत हसत ऐकत होते. मग टॉवेल काढायच्या मिषाने, त्याच्याच आडून भोकावर ठिगळ चिकटवलं. ते सुकेपर्यंत दाबून धरायला हवं होतं, आणि हाताने धरलं तर साहेबांना संशय येणार. म्हणून दोघं भिंतीला पाठ टेकून, खांद्याला खांदा लावून बसलो, ते थेट संध्याकाळपर्यंत. माझे पाय बधिर झाले. ह्यांनी गुपचूप आपली उशी माझ्या पायांखाली सरकवली. मला रडूच यायला लागलं, तेही हसूनच आवरलं.

वेळ संपली, फुग्याच्या दाराची चेन उघडली. "कशी वाटली भिंत?" मी धीर करून विचारलं.

"छान. पिन टोचताना अगदी स्वच्छ दिसली," साहेब म्हणाले. "बाई, आरपार दिसणारी भिंत तुम्हीच केलीत ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भोक पडूनही दोघं बाहेर पळाला नाहीत, एकमेकांचा जीवही घेतला नाहीत. म्हणजे राहता येतं. करा पुढचं काम सुरू. आधी टॉवेलसाठी दांडी लावा."

घरी आल्यावर हे आंघोळ करून आले आणि ओला टॉवेल हातात धरून खोलीच्या मधोमध उभे राहिले. चारी भिंतींकडे बघत, बिचारे.

"टाका पलंगावर," मी म्हटलं.