रिकाम्या बैलाचा नियम

खालापूरच्या पदूची आणि कशेळ्याच्या चांगोची, म्हणजे त्याच्या व्याह्याची, दोन वर्षं बोलचाल बंद होती. खेळ मात्र चालू होता. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! ज्यांनी तो खेळ कधी खेळला नाही त्यांना कसं कळणार, की भांडणापायी अर्धा डाव टाकून उठणं किती अवघड असतं.

खेळ काढला चांगोनं. त्याच्या बापाचे लदणीचे बैल होते. मिठाच्या गोण्या पाठीवर घेऊन ते घाट चढायचे आणि वरून ज्वारी, हुलगे घेऊन उतरायचे. पुढं सडका झाल्या, टेंपो आले, बैल गेले. चांगोच्या डोक्यातनं काही ते जाईनात. मग त्यानं फणसाच्या फळीवर कोळशानं चौकटी आखल्या आणि गावं मांडली. एका टोकाला खालापूर, ते पदूचं. दुसऱ्या टोकाला कशेळे, ते चांगोचं. मध्ये मोहोपाडा, कर्जत, ठाकुरवाडी. चिंचोके म्हणजे गावातली घरं. लाल गुंजा म्हणजे पदूचे बैल आणि कवड्या म्हणजे चांगोचे. एका पाळीला एक बैल चार चौकटी चालवायचा. बैल दुसऱ्या गावात पोचला की धाडणाऱ्याच्या गावात एक घर वाढायचं आणि माल उतरला त्या गावातही एक. गाव लांबचं असलं तर दोन्हीकडं दोन-दोन. एकाच वाटेनं तीन खेपा झाल्या की रेघ जाड करायची, म्हणजे सडक झाली, मग त्यावरून बैल सहा चौकटी चालणार. ज्याच्या गावाला आधी चाळीस घरं होतील तो जिंकला.

आणि एक नियम चांगोचा फार लाडका. पोचलेल्या बैलाच्या पाठीवर त्या गावानं परतीचा माल म्हणून भाताचा एक दाणा ठेवायचा. मधल्या गावांचा दाणा आपोआप मिळे, पण समोरच्याच्या गावात बैल नेला तर दाणा ठेवायचा की नाही ही त्याची मर्जी. नाही ठेवला, बैल रिकामा परतला, तर ती वाट पुसायची.

"रिकामा बैल दारात आला ना, तर बा माझा दोन दिवस जेवायचा नाय," चांगो सांगायचा.

फळ्या दोन होत्या, दोघांच्या घरी एकेक, अगदी सारख्या. निरोप न्यायचा काळूराम. त्याचा भाजीचा टेंपो दर बाजाराला खालापुराहून कर्जतवरून कशेळ्याला जायचा, आणि वांग्यांच्या पाट्यांबरोबर गुंजेची खबरही जायची. त्या वेळी खालापूर-कशेळे ही वाट दोघांची सगळ्यात जाड. दर खेपेला इकडं दोन घरं, तिकडं दोन घरं. एक दिवस चांगो म्हणाला, "व्याही व्हायचं काय रं? एवढी वाट पडलीय, तर पोर बी देऊन टाक." पदूची शकू चांगोच्या मालोजीला दिली ती अशी.

मग पहिली दिवाळी आली आणि सगळं नासलं.

शकूच्या सासरहून पितळेचा डबा भरून करंज्या आल्या. पदूची बायको सोनुबाई तेव्हा भावाकडं मोहोपाड्याला गेलेली. पदूनं तीन दिवसांत करंज्या संपवल्या, डबा चिंच आणि राखेनं असा घासला की त्यात तोंड दिसावं, आणि काळूरामच्या हातात दिला. स्वच्छ आणि रिकामा. आता काय म्हणावं या माणसाला! शेजारणीची वाटी परत करताना बाई तिच्यात निदान चिमूटभर साखर टाकते. आणि हा लेकीच्या सासरचा डबा! पण डबे भरायचं काम पदूनं जन्मात केलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष लखलखाटाकडं.

पुढच्या बाजाराला काळूराम म्हणाला, "चांगोबानं सांगितलंय, खालापूरची वाट पुसली."

पदूला तेव्हाच कळलं, रिकामा डबा म्हणजे रिकामा बैल. पण सोनुबाई परत आली आणि तिनं विचारलं, "डबा कशानं भरून दिलात?" तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "तांदूळ दिले की."

दोन वर्षं ते तांदूळ त्याच्या घशात अडकून होते. सोनुबाई उठता-बसता विहिणीच्या नावानं खडे फोडायची. डबाभर तांदूळ गिळून वर तोंड वाकडं करतात, म्हणायची. तिकडं चांगोनं तो डबा ओटीवर खुंटीला उपडा टांगला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. शकूला सासरी जाच नव्हता, पण माहेरी एकदाही धाडलं नाही. दोघं खेळत राहिले ते आपले जवळच्या जवळ, एक-एक घर मिळवत. दोन वर्षांत कुणाची तिशीसुद्धा झाली नाही.

पावसाळा सरला आणि काळूरामनं खबर आणली, शकूला सहावा लागला.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. "मुराळी होऊन जा नि पोरीला घेऊन या," सोनुबाईनं धोशा लावला. पदू जागचा हलेना. चांगोनं दारातून परत पाठवलं तर? म्हणून त्यानं आपली एक गुंज उचलली आणि पुसलेल्या वाटेवरून चालवायला काढली. एका बाजाराला चार चौकटी, पुढच्या बाजाराला आणखी चार. चांगोला तर ते फळीवर दिसत होतं. त्यानं ना हरकत घेतली, ना ये म्हटलं. आपल्या कवड्या ठाकुरवाडीकडं हाकत राहिला. पाचव्या बाजाराला गुंज कशेळ्याच्या वेशीवर आली. आता एकच चौकट उरली होती आणि शकूला आठवा लागायला आठवडा. आठवा लागला की पोटुशीला प्रवास नाही.

सकाळी टेंपो दारात थांबला. पदू काळूरामच्या कानाशी लागला. "सांग, बैल कशेळ्यात आला. आनि ते... डब्याचं बी सांग."

"काय सांगू डब्याचं?" काळूरामचा आवाज मुळात मोठा.

"कसल्या डब्याचं?" सोनुबाई दारात उभी होती.

पदूनं टेंपोकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. कुठंच जागा सापडेना. "रिकामा दिला होता गं मी. तांदूळबिंदूळ काय नव्हतं."

सोनुबाई मटकन उंबऱ्यावर बसली. "आवं, दोन वर्सं मी त्या बाईला नाय नाय ते बोलले."

"चुकलं माझं."

"मग आधी नाय सांगता आलं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही. पण बसून राहणारी ती बाई नव्हती. आत गेली, आपला सगळ्यात मोठा डबा काढला आणि नव्या भाताचे तांदूळ त्यात दाबून दाबून भरले. झाकण बसेना तेव्हा वरून फडकं बांधलं.

"निरोप काळूराम न्यायचा नाय," ती म्हणाली. "तुमी जायचं. आनि तिथं असंच बोलायचं, जसं आता बोललात."

"नाय तरी असला निरोप मी नेलाच नसता," काळूराम म्हणाला. "बस वर."

पदू भेंड्यांच्या पाट्यांमध्ये डबा मांडीवर घेऊन बसला. कर्जत गेलं. सडकेच्या दोन्ही अंगांना कापलेल्या भाताचे भारे पडले होते, पण त्याचं कशात लक्ष नव्हतं. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता आणि दर वळणावर विसरत होता.

चांगो ओटीवरच होता. समोर फळी, आणि डोक्यावर खुंटीला तो उपडा डबा. त्यानं पदूकडं पाहिलं, फडकं बांधलेल्या डब्याकडं पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली. ये नाही, बस नाही.

पदूनं खाली वाकून वेशीवरची गुंज उचलली आणि कशेळ्यात ठेवली. मग डबा तिच्याशेजारी ठेवला.

"व्याही, त्या वेळी डबा मीच रिकामा दिला. घासायच्या नादात भरायचंच राहिलं. घरात खोटं बोललो, तांदूळ दिले म्हनून. सोनूला आज सकाळी कळलं. तिच्यावर राग धरू नका."

आता पाळी चांगोची. फळीवरची पुसलेली वाट तो बोटानं चाचपत राहिला. आतून बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. दाराआड शकू उभी आहे हे पदूला कळलं, पण तिकडं बघायचा धीर होईना. रिकामा बैल, वाट बंद. नियम तोच, दोघांनी मिळून पाळलेला. आता या माणसानं नुसतं उठून आत जायचा अवकाश, की शकूचं माहेर कायमचं तुटलं.

चांगोनं फडक्याची गाठ सोडली. बचकभर तांदूळ हातात घेतले, त्यातला एक दाणा निवडला आणि गुंजेवर ठेवला. दाणा घरंगळला. त्यानं परत ठेवला.

"दोन वर्सं वाट बघितली रं," तो म्हणाला. "मला वाटलं तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम करायला अक्कल लागते," पदू म्हणाला, आणि मग दोघंही हसताना डोळे पुसत राहिले.

चांगोनं खुंटीवरचा डबा काढला. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं होतं. "घासायचं काम याच्याकडं द्या," त्यानं आतल्या बायकांना हाक मारली, "यातलं तेवढं कळतं त्याला. भरायचं तुमी बघा. आनि शकू, तुजी बी पिशवी भर. बैल रिकामा नाय जायचा."

दुपारी टेंपो परत निघाला. शकूला पुढं, काळूरामशेजारी ऐसपैस बसवलं होतं. पदू कडेला अंग चोरून बसला होता. कर्जतच्या अलीकडं शकूनं मांडीवरच्या पितळी डब्याचं झाकण उघडलं. आत काठोकाठ करंज्या होत्या.

"खातो का रं बा एखादी?"

पदूच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तरी त्यानं झाकण परत लावलं आणि वर हात ठेवला.

"घरी गेल्यावर. आधी आईला इचारू, परत काय भरायचं ते."