कमानीअलीकडचा पंप

शिरवळच्या दूध कारखान्यामागं धुवणाच्या पाण्याचा खड्डा काठोकाठ आला होता. तारेपलीकडं शेजारच्या शेतात हरणाबाईंचा कांदा हिरवागार डुलत होता. सांजची धुलाई सुरू व्हायच्या आत पंप चालला नाही, तर ते आंबट पाणी थेट त्या वाफ्यांत उतरणार होतं.

पंप मात्र दोन घोट ओढी आणि धाप लागल्यासारखा कोरडा पडे.

सोनम म्हसवडकडची. बापजाद्यांनी मेंढरं राखली, ही कारखान्यात फिटर होऊन पाइपांचे सांधे राखत होती. सांध्यातनं हवा आत शिरतेय का, म्हणून सकाळपासून तिनं एकेका सांध्यावर साबणाचा फेस धरून पाहिला. फेस जागचा हलला नाही. मग ती चार पावलं मागं सरली, आणि पाइपची सबंध चाल तिच्या नजरेत आली. खड्ड्यातनं निघून, पाऊलवाटेवर उंच कमान घेऊन, पाइप पलीकडं सांडपाण्याच्या टाकीजवळच्या पंपाशी उतरला होता.

"काका, ही कमान तुमची व्हय?"

तिचे जोडीदार, फौजेतनं आलेले नानासो, मिशीत हसले. "मग! ही वाट म्हसोबाची. हरणाबाई निवद घेऊन जाती, तिनं खरकट्या पाण्याचा पाइप वलांडायचा? वेल्डिंग बघ, हाय का कुठं खोट?"

"खोट न्हाई. पर हवा वर चढून बसलीया, हटंना. वढायचा पाइप पंपाकडं चढता पायजे, मधी कुबड न्हाई चालत."

तारेशी उभ्या हरणाबाईंनी ऐकलं. "काढा की मग. वलांडीन मी. द्येव काय रुसतोय?" बोलल्या खऱ्या, पण पदर मुठीत गोळा झाला होता.

सोनम हसली. "ऱ्हाऊ द्या कमान, मावशी. पंपच उचलू. त्यो वढताना म्हातारा, ढकलताना पैलवान. खड्ड्याजवळ आणला की वढायला थोडकंच, मग ढकलू दे कमानीवरनं."

"बसवलेला पंप उचलायचा?" नानासो म्हणाले. "लोक हसतील गं."

"हसू द्या. ह्या वासापुढं किती येळ तोंड उघडं ठेवत्यात, बघू."

बोल्ट सुटले. आणखी दोघांना हाक मारून, लोखंडी सांगाड्याखाली बांबू घालून चौघांनी पंप वाटेअलीकडं आणला. वायरमननं केबल वाढवली. खड्ड्यातनं आखूड पाइप पंपाकडं जरासा चढता बसला, पंपाच्या तोंडाला कमान जोडली, तिचं पलीकडचं टोक टाकीत सोडलं, आणि सोनम पंपाच्या पोटात बादलीनं चांगलं पाणी ओतू लागली.

"अगं, पाणी काढायच्या यंत्रालाच पाणी पाजतीस?"

"पयला घोट आपुन द्यायचा, मावशी. तवा त्याचा घसा उघडतो."

हरणाबाईंच्या ओठांवर ओवी आली:

"पयला माझा घोट, तानेल्या मुखाला,
दुसरा माझा घोट, लेकरागत पिकाला."

सोनमनं बटण दाबलं. पंप घुमला. टाकीवरच्या पाइपच्या तोंडातनं आधी हवा फुसफुसली, मग आवाज जड झाला, कमान थरथरली आणि पलीकडं पाण्याची धार टाकीत कोसळली. खड्ड्याच्या भिंतीवर ओला पट्टा उघडा पडत गेला.

"म्हंजी माझी कमान बरुबर हुती!" नानासो ओरडले.

"लय बरुबर, काका. निस्ती पंपाच्या आधी उगावली हुती."

हरणाबाई कमानीखालनं ताठ मानेनं गेल्या, म्हसोबाला हात जोडले. येताना कांद्याच्या पातीची एक जुडी त्यांनी सोनमच्या रिकाम्या बादलीत टाकली.