गॅसखोलीची मालकीण

विजयश्रीला धाकट्या जावेचा राग येत होता, असं म्हटलं तर ते अर्धवट सांगणं झालं. तिला वैष्णवीचा हेवा वाटत होता, आणि तोही पोटात आग पडावी असा.

नौबादच्या पुढे, रस्त्याकडेच्या शेतात तिच्या सासऱ्यांनी, उद्धवरावांनी, पेंटबॉलचं मैदान काढलं तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं होतं. एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायला पैसे कोण देणार? पण बीदरच्या कॉलेजांची पोरं आली, बँकवाले आले. गोळी उडवायला बंदुकीच्या छोट्या बाटलीत लागणारा कार्बन डायऑक्साइड मात्र कुणाला भरता येईना. तो भरला थोरल्या सुनेनं, विजयश्रीनं. तिच्या माहेरी, कमलनगरला, गोटीसोड्याचा कारखाना. गॅस हाताळणं तिला लहानपणापासून ठाऊक. पत्र्याच्या गॅसखोलीची किल्ली तिच्या कमरेला आली. स्वयंपाकघराबाहेर तिचं म्हणून जे काही होतं, ते तेवढंच.

आणि आता ही धाकटी, इंजिनीअर. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच म्हणाली, "अप्पा, गॅसपेक्षा दाबून भरलेली हवा बरी. गॅसचा जोर थंडीत उतरतो, उन्हात चढतो. हवेचा मात्र सारखा राहतो."

खरंच होतं ते. थंडीच्या सकाळी गॅसवरच्या बंदुकांच्या गोळ्या अर्ध्या वाटेतच खाली पडायच्या, हे विजयश्रीला कुणी सांगायला नको होतं. पण खरं बोलणारं माणूस जास्तच डोळ्यांत खुपतं. त्यातून सासरे म्हणाले, "व्हय की, पोरगी म्हणायली तर बघू." पोरगी! बारा वर्षांत विजयश्रीला त्यांनी एकदाही पोरगी म्हटलं नव्हतं.

ठरलं असं की रविवारी उदगीरहून पाहुणे येणार, त्यांतल्या अर्ध्यांना विजयश्रीचा गॅस द्यायचा आणि अर्ध्यांना वैष्णवीची हवा. जे चांगलं चालेल ते ठेवायचं, दुसरं बंद. वैष्णवीनं हैदराबादहून हवेच्या भरलेल्या बाटल्या भाड्यानं आणवल्या.

गॅसची बाटली वजन करून भरायची आणि थोडी रिकामी ठेवायची, हा नियम. थंडीत गॅस जोरानं यावा म्हणून माहेरी मोठ्या सिलिंडरवर गरम पाणी ओतत. रविवारी थंड सकाळी विजयश्रीनं वजनकाटा बाजूला सारला, बाटल्या ठासून भरल्या आणि वरून गरम पाण्याच्या टबात नेऊन उभ्या केल्या. बघू आता, कुणाची गोळी लांब जाते!

पाहुणे चहा पीत होते, तेवढ्यात फाट् करून आवाज झाला. दाब फार वाढला की बाटली फुटू नये म्हणून तिच्या गळ्याशी एक पातळ चकती असते, ती फाटली. पांढरा गॅस फुसफुसत सुटला, टब उलटला, आणि पाहुणे कप टाकून बांधापर्यंत पळाले. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

"ही बाटली कोण भरली?" उद्धवराव कडाडले.

विजयश्रीनं कमरेची किल्ली मुठीत धरली. किल्ली गेली, एवढंच तिला कळलं.

"मी भरले, अप्पा," वैष्णवी पुढे झाली. "अक्कांकडून किल्ली मागून घेतली होती. मला शिकायचं होतं."

उद्धवराव थोरल्या सुनेकडे वळले. मग म्हणाले, "विजया, किल्ली पुन्हा कुणाला देऊ नको. गॅसचं तूच बघ. हवा-बिवा राहू दे."

झालं की! गॅस, खोली, किल्ली, सगळं विजयश्रीचंच राहिलं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण उद्धवरावांनी वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक कबूल करायला मन मोठं लागतंय, पोरी," ते म्हणाले. बांधावरून परतलेले पाहुणेही माना डोलवायला लागले.

बाटली आपण भरायची, आणि मोठ्या मनाची ठरायची ही? विजयश्रीला ते सोसेना.

"खोटं हाय ते!" ती ओरडली. "ती कामून भरंल? तिला येतंय तरी का? म्या भरले. माझ्या हातानं भरले!"

उद्धवरावांनी किल्लीसाठी डावा हात पुढे केला. उजवा वैष्णवीच्या डोक्यावर होता, तो काही त्यांनी काढला नाही.