सर्वांत कमकुवत मशीन

मी टेबलाखालचा संगणक बोलतोय. माझं कोणी ऐकणार नाही हे ठाऊक आहे, पण गप्प राहून जीव गुदमरायला लागलाय.

आम्ही दोघे जुळे. बापलेकींनी आम्हाला एकाच दुकानातून, एकाच दिवशी घरी आणलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरली तरी त्यांचा हात हलत नसे. लेकीला खेळांचं वेड होतं आणि तिने ते बाबांनाही लावलं. पुढे तिला परगावी खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. जाताना तिने मला बरोबर घेतलं आणि ऑफिसात आपल्या टेबलाखाली ठेवलं, माझा जुळा बाबांकडे राहिला. रोज संध्याकाळी तिचं काम संपलं की दोघं आपापल्या गावातून आमच्यावर एकत्र खेळायची. राक्षसांवर गोळ्या झाडता झाडता "जेवलीस का?" हेही विचारून व्हायचं. या दोघांच्या साऱ्या गप्पा अशाच चालत.

तिचं काम टेस्टरचं. दिवसभर खेळायचं आणि चुका काढायच्या. ऐकायला चैन वाटते, पण एकाच भिंतीवर चारशे वेळा डोकं आपटून पाहायचं म्हणजे काय, ते तिलाच विचारा.

कंपनी नवा खेळ करत होती. चार सोबती मिळून गुहेत उतरतात आणि राक्षसांना मारतात. साहेबांचं एकच म्हणणं होतं, "खेळणारे आधी घाबरले पाहिजेत आणि लगेच हसले पाहिजेत." म्हणून एखादा सोबती पडला की दुसरा त्याला तंगडी धरून ओढत नेई आणि पडलेला कुरकुरे, "हळू रे, पाठ आहे की पोतं?" हे वाक्य बाबांचं. लेकीने ते गुपचूप खेळात घातलं होतं.

दर शुक्रवारी खेळाची नवी आवृत्ती ऑफिसातल्या सर्वांत कमकुवत मशीनवर चालवून बघायची, अशी तिथली रीत. ते मशीन म्हणजे मी. माझ्या कपाळावर 'सर्वांत कमी' असा कागद चिकटवला होता. माझ्यावर चाललं तर साध्या घरातही चालेल, असा हिशेब. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग एकदा खेळ बघायला पाहुणे आले आणि ऐन वेळी दाखवायचं मशीन बंद पडलं. यंत्रं सांभाळणाऱ्याला सगळे खटपट्या म्हणत. त्याने घाईघाईने मला उघडलं, नवी मेमरी आणि नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. "दोन तासांचं काम आहे, मग काढतो," म्हणाला. पाहुणे गेले आणि तो विसरला. कागद मात्र तसाच राहिला.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी मी पास! साहेब हरखले. "बघा, या मरतुकड्यावरसुद्धा पळतोय! घाला अजून धूर, अजून राक्षस!" सगळं मनासारखं होत असताना झाकण उघडून बघतं कोण?

खेळ बाजारात आला. बाबांनी पहिल्याच दिवशी घेतला.

"अगं, तो राक्षस आला कधी? मी बघेपर्यंत मेलोसुद्धा."

"बाबा, बटण लवकर दाबा ना."

"दाबलं गं. आधीच दाबलं."

त्यांचं ते कुरकुरणारं वाक्यही पडल्यानंतर बऱ्याच वेळाने, तुटत तुटत ऐकू आलं. बाबा हसले नाहीत.

लेक हुशार. तिने तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यावर तीनदा खेळून पाहिला. मी एकदाही अडखळलो नाही. अडखळावं म्हणून किती धडपडलो, पण नवी मेमरी मला अडखळू देईना.

"बाबा, इथे लोण्यासारखा चालतोय. अगदी तुमच्यासारख्याच मशीनवर."

पलीकडून बटण दोनदा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "म्हणजे माझेच हात गेले."

"असं काय बोलता?"

"अगं, वय झालं. चालायचंच."

ते खेळेनासे झाले. बाबांच्या जागी आता खेळ स्वतःच एक बाहुला उभा करतो. त्याचा नेम चुकत नाही आणि तो कोणाला जेवलीस का विचारत नाही.

काल दुपारी त्यांचा फोन आला. "दुकान बंद केलं गं. चिमटे, भिंग सगळं देऊन टाकलं. थरथरत्या हातांनी लोकांची घड्याळं कशाला बिघडवू?"

त्यांचे हात थरथरत नाहीत हो! थरथरतो तो माझा जुळा, बिचारा, हा जड खेळ झेपेना म्हणून.

फोन ठेवून ती माझ्यावर हात टेकून रडली. अगं ताई, चार स्क्रू आहेत, फक्त चार! काढ ते आणि बघ आत. मग तुझ्या बाबांना फोन कर.

आज शुक्रवार. तिने मला सुरू केलं, नवी आवृत्ती लावली. मी सुरळीत चाललो. तिने वहीत 'ठीक' असं लिहिलं आणि मला बंद केलं.