दुपारची पट्टी

"आता उजव्या डोळ्याने. बोटांच्या फटीतून बघायचं नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बटणने डावा डोळा झाकला. तक्त्यावरच्या दोन ओळी वाचल्या, तिसरीला अडखळली. "पुढे नुसत्या मुंग्याच दिसतायत."

तिचे वडील खुर्चीमागे उभे होते. शिवणकामाच्या दुकानामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि पोरीला बटण. बायको वर्षापूर्वी तापाने गेली. तोवर पोरीला तपासणीला तीच आणायची; मास्तर इथे पहिल्यांदाच आले होते.

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले. "डोळा तिरळा नाही, मोतीबिंदू नाही. दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक आहे, म्हणून मेंदूने उजव्याचं ऐकणंच सोडलंय. आळशी डोळा म्हणतात तो हाच. चष्मा लावून चांगला डोळा झाकला, की बहुतेक मुलांना फरक पडतो. हिच्या आईने दोन वर्षं रोज सहा तास पट्टी लावली, तरी जैसे थे. आता नववं लागलंय, वय वाढलं की फरक कमी पडतो. उगाच पोरीला कशाला छळायचं? आता पट्टी पुन्हा नको."

बायको दुपारी कारखान्यात पॅकिंगला जायची. जाताना पट्टी लावायची. आई दिसेनाशी झाली, की बटण मशीनपाशी येऊन मुसमुसायची, "बाबा, मला सुईत दोरा ओवता येत नाही." मास्तरांना ते बघवायचं नाही. ते पट्टी अलगद सोलायचे, मशीनच्या कडेला चिकटवायचे आणि बायको यायच्या आत परत डोळ्यावर दाबायचे. "आईला सांगायचं नाही हं."

पोरीने शब्द पाळला. दर तपासणीनंतर बायको म्हणायची, "माझंच काहीतरी चुकतंय. मलाच नीट लावता येत नाही." शेवटपर्यंत तेच म्हणत गेली.

आत्ताही बटण ओठ घट्ट मिटून बापाकडे बघत होती.

"बाई, पट्टी लागलीच नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"ती लावायची, मी काढायचो. रोज. पोर दोरा ओवताना रडायची म्हणून."

"अहो, पट्टी लावूनच ओवायला लावायचा होता! तोच तर त्या डोळ्याचा व्यायाम. वा! डॉक्टर मी, आणि उपचार तुमचे!" मग आवाज खाली आला. "त्यांना कधी कळलं?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आता काही होईल का?" मास्तरांनी विचारलं.

"पूर्ण बरा होईल असं नाही सांगत. पण उपचार झालाच नसेल, तर आधी तो करायला हवा. फारच रडली तर चांगला डोळा धूसर करणारे थेंब आहेत, ते देईन. पण लावलेली पट्टी काढायची नाही." त्यांनी तिथेच नवी पट्टी लावली.

बाहेर जिन्याशी बटण थबकली. "बाबा, पायऱ्या धड दिसत नाहीयेत. एवढ्यापुरती काढू? घरी गेल्यावर लावते ना."

मास्तरांचा हात तिच्या गालापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग ते एक पायरी खाली उतरले, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये. मी आहे."

आणि एकेक पायरी पायाने चाचपत, ते उलटे उतरू लागले.